हेदपाड्याची सतरा नंबरची विहीर

शहापूर-मुरबाडला हौसेनं कुणी जात नाही. मीही हौसेनं गेलो नव्हतो. विहिरी तपासायची माझी नोकरी. वर्षातून दोनदा, एकदा वैशाखात आणि एकदा दिवाळीनंतर, ठरलेल्या विहिरींवर जायचं, दोरीला शिशाचं वजन बांधून पाणी किती खोल आहे ते मोजायचं, बाटल्या भरायच्या आणि त्यांवर चिठ्ठ्या डकवून ठाण्याला आणायच्या. एकाच विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं कसं बदलतं, त्यातला खार वाढतो की घटतो, हे कळावं म्हणून हा खटाटोप. ऐकणाऱ्याला कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. माझ्या बायकोची तर लग्नानंतर दोन वर्षं समजूत होती की मी विहिरी खणतो.

पण गेल्या वैशाखातल्या फेरीत एक गोष्ट घडली आणि ती मला सांगून टाकायची आहे. कचेरीत सांगून पाहिली. साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि दुसरी फाईल उघडली. म्हणून आता ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यापुढे ती मांडतो आहे.

शहापूर

आसनगावला गाडीतून उतरून शहापूरला आलो तो सकाळचे आठ वाजले होते. बरोबर नेहमीचं लाकडी खोकं, त्यात गवतात बसवलेल्या बाटल्या. त्या दिवशी आसपासच्या चार विहिरी उरकल्या आणि चार बाटल्या भरून धर्मशाळेच्या ओट्यावर लाखेनं बुचं बंद करत बसलो. तेवढ्यात एक हवालदार समोर येऊन उभा राहिला. दारूबंदीचे दिवस. लाख, बाटल्या आणि एकटा माणूस, एवढं त्याला पुरेसं होतं.

"काय हाय यात?"

"पाणी."

"समदेच पानी म्हंतात," तो म्हणाला आणि त्यानं चौथी बाटली उचलली. बूच काढून हुंगली. वासावर विश्वास बसेना म्हणून एक मोठा घोट घेतला. त्याचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. "पानीच हाय की!" मग जरा विचार करून म्हणाला, "हितलं पानी ठाण्याला कशापायी न्यायचं? तिकडं पानी नाय?"

मी त्याला शास्त्र समजावून सांगायला लागलो, तोवर तो चालू लागला होता. चौथी बाटली भरायला भर उन्हात दीड मैल परत गेलो. वाटेत त्याला शिव्या घातल्या हे लपवत नाही. पण खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत 'हे पाणी कशाला नेता' असं मला सरळ विचारणारा तो पहिलाच माणूस होता.

संध्याकाळी खानावळीत तांदळाची भाकरी, सुकट आणि कैरीचा तक्कू जेवलो. खानावळवाल्यानं न मागता तांब्याभर पाणी पुढे ठेवलं, आणि दुसरा मागितला तर दुसराही दिला. आमच्या अलिबागेकडे वैशाखात पाहुण्याला पाणी देताना घरच्या बाईचा हात जड होतो. खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात, गावात एखादीच गोडी विहीर राहते आणि तिला कुलूप लावायचं तेवढं बाकी असतं. विहीर खारी होणं हे मी लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे त्यात मला कधी नवल वाटलं नाही. हे इथेच सांगून ठेवतो, कारण माझी चूक तिथूनच सुरू होते.

तानसा ते डोळखांब

दुसऱ्या दिवशी तानसाच्या बाजूच्या विहिरी होत्या. मुंबईला पाणी नेणारे लोखंडी नळ रस्त्याच्या कडेनं जातात, माणसापेक्षा उंच. एका सांध्यातून थेंब थेंब गळत होतं. त्याखाली तीन हंडे एकामागे एक लावलेले, आणि तीन बाया पळसाच्या सावलीला बसलेल्या.

"किती वेळ लागतो भरायला?" मी विचारलं.

"सांजपातूर एक भरतो," त्यातली एक म्हणाली, आणि आपसात त्यांचं बोलणं राहिलं होतं तिथून पुढे सुरू झालं. मी खांद्यावरच्या कातडी छागळीतलं पाणी प्यायलो ते मात्र जरा पुढे जाऊन, त्यांच्याकडे पाठ करून.

डोळखांबला पोचेपर्यंत शर्ट अंगाला चिकटला होता. डोळखांबच्या पुढे रान सुरू होतं आणि रानात पाडे. भात आणि नाचणी पावसाळ्यापुरती. दिवाळी झाली की अर्धी माणसं वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि वैशाखाच्या शेवटाला परततात. त्यामुळे माझ्या दिवाळीनंतरच्या फेरीत पाडे रिकामे आणि विहिरी भरलेल्या, तर वैशाखाच्या फेरीत विहिरी रिकाम्या आणि पाडे भरत आलेले, असं नेहमी दिसायचं.

हेदपाडा

माझ्या यादीतली सतरा नंबरची विहीर हेदपाड्याची. डोळखांबपासून डोंगराच्या अंगानं दोन तास चालायचं. बारा-चौदा घरं, सगळी कुडाची, कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, दुसऱ्याची वाट्यानं करायची. विहीर मात्र त्यांची स्वतःची. त्यांच्या बापजाद्यांनी खणलेली आणि दगडांनी बांधून काढलेली. खालच्या गावच्या विहिरीवर या लोकांना पोहरा टाकता येत नसे. कडेला बसून राहायचं, कुणाला दया आली तर ती बाई यांच्या हंड्यात वरून पाणी ओतणार. त्यामुळे स्वतःच्या विहिरीचं मोल त्यांना किती होतं ते वेगळं सांगायला नको.

पहिल्या वर्षी मी गेलो तेव्हा पाणी काढून द्यायला सोमीबाय आली होती. साठीची, काटक, डाव्या घोट्यावर नारूच्या जखमेचा जुना वण. नारू म्हणजे पाण्यातून पोटात जाणारा आणि पुढे पायातून दोऱ्यासारखा बाहेर पडणारा किडा. त्या भागातल्या अर्ध्या पायांवर ती खूण दिसते. सोमीबाय मला अरे-तुरे करायची. त्या पाड्यांवर देवालाही अरे-तुरे आणि साहेबालाही. पुढे दर वैशाखात तीच पाणी काढायची. मी बाटली भरायचो, घोटभर चाखायचो आणि वहीत लिहायचो.

पहिल्या वैशाखात पाणी किंचित खारट लागलं. दुसऱ्या वर्षी त्याहून जास्त, आणि तिसऱ्या वर्षी तोंडात धरवेना. दिवाळीनंतरच्या बाटल्या मात्र दर वेळी गोड. आमच्या कामात अशी चढती ओळ मिळाली की माणूस हुरळून जातो. मी टिपण लिहिलं: डोंगराच्या पोटात खाराचा थर असावा, पाणी आटलं की तो वर येतो, आणि वर्षागणिक त्याचा जोर वाढतो आहे. समुद्र कुठे आणि हेदपाडा कुठे, असं एकदा साहेबांनी विचारलं, पण टिपण त्यांना आवडलं. त्यांनी ते वर पाठवलं. मला शाबासकी मिळाली. सोमीबायला मी एकदा विचारलं होतं, "पाणी खारट लागतं ना?" ती म्हणाली, "नाय रे, गोड हाय इहीर." मी वहीत लिहिलं की लोकांची जीभ सरावली आहे.

त्या टिपणावरून हुकूम निघाला. पाणी पिण्यास अयोग्य, विहीर बुजवावी. माघात गाडीनं दगडमाती येऊन पडली आणि विहीर बुजली.

या फेरीत माझं काम एवढंच होतं, की विहीर बुजल्याच्या कागदावर पाड्यातल्या कुणाचा तरी अंगठा आणायचा आणि सतरा नंबर यादीतून काढायचा. एरवी वैशाखाच्या फेरीत मी आठ दिवस आधी खालच्या गावच्या पाटलाला कार्ड धाडायचो. अमुक दिवशी येतो, पाणी काढायला माणूस ठेवावा, आणि तोवर विहिरीत किडे मारायचं लाल औषध टाकू नये. या कार्डाचा मला अभिमान होता, कारण लाल औषध पडलं की आमची तपासणी फुकट जाते. यंदा तपासायचंच नव्हतं, म्हणून कार्ड धाडलं नाही.

पाड्यात पाचच घरांतून धूर निघत होता. विहिरीच्या जागी दगडमातीचा उंचवटा, त्यावर एक शेळी उभी होती. तिथून दहा पावलांवर ओहोळाच्या कोरड्या पात्रात बायांनी हातानं झिरा उकरला होता, कमरेएवढा खड्डा. सोमीबाय करवंटीनं त्यातलं पाणी हंड्यात भरत होती. मला बघून हसली. तिनं करवंटी पुढे केली आणि मी प्यायलो.

पाणी गोड होतं. नुसतं बरं म्हणावं असं नव्हे, नितळ गोड. मला वाटलं, उन्हानं माझी जीभ गेली. खोकं उघडून तिथेच परीक्षा केली. पाण्यात एक पिवळं औषध घालायचं आणि वरून दुसऱ्याचे थेंब सोडायचे. पिवळ्याचा विटकरी रंग व्हायला जितके जास्त थेंब लागतील तितका खार जास्त. चार थेंबांत विटकरी रंग आला. गेल्या वर्षी याच औषधाची अर्धी बाटली सतरा नंबरवर संपली होती. दहा पावलांवर, त्याच खडकात, खार नाहीसा कसा होईल? मी दुसऱ्यांदा केलं. पुन्हा चारच.

"सोमीबाय," मी म्हणालो, "विहीर एवढी खारट आणि हे पाणी गोड कसं?"

"इहीर कवा खारट व्हती?" ती म्हणाली. "तू यायचास तवा दोन रोज खारट. मंग उपसली का गोड."

"मी यायचो तेव्हाच का?"

"मीठ टाकायचो ना."

मला आधी काही कळलंच नाही. ती मात्र सहज सांगत होती. "तूच लिव्हलं व्हतंस का औषद टाकायचं नाय. पाटलानं वाचून दावलं. औषद नाय टाकायचं, मंग किडं मरायचं कशानं? तू बाटलीत पानी नेऊन नारूचं किडं बघनार. किडा घावला का इहीर बंद. म्हून आमी मीठ टाकलं. घरटी एक ओंजळ. भात देऊन मीठवाल्याकडनं घेतलं."

"आणि पुढच्या वर्षी?"

"तुजा कागुद आला व्हता ना, पान्यात दोष हाय म्हून. मंग दोन-दोन ओंजळी टाकल्या. पुन्ना कागुद आला, दोष वाडला. गेल्या साली घरटी शेर टाकलं. लेकरांना महिनाभर आळणी खिलवलं."

वैशाखात त्या विहिरीत गुडघाभर पाणी असायचं. बारा-चौदा घरांचं शेर-शेर मीठ त्यात. माझ्या वहीतली चढती ओळ, डोंगराच्या पोटातला खाराचा थर, माझी शाबासकी, सगळं मला त्या करवंटीत दिसायला लागलं. आमच्या कागदात 'दोष' एवढाच शब्द असे. कसला दोष ते आम्ही लिहीत नव्हतो. मी इतक्या वेळा त्या कट्ट्यावर उभा राहिलो, पण बाटलीत काय शोधतो ते या बाईला एकदाही सांगितलं नव्हतं.

तिच्या मुलाची मी चौकशी केली, ती केवळ काहीतरी बोलायचं म्हणून. तो, सून आणि दोन नातवंडं भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली होती. दर साल याच दिवसांत परत यायची. "औंदा निरोप धाडला," ती म्हणाली, "पान्याबिगर काय येऊ म्हून." सात घरांनी तसाच निरोप धाडला होता.

कागदावर तिनं अंगठा उठवला. मग मला विचारलं, "सायेब, मीठ कमी पडलं काय रे?"

मी "नाही" म्हणालो.  खोकं उचललं आणि डोंगर उतरलो.

टोकावडे

तिथून मी मुरबाडच्या बाजूला टोकावड्याला गेलो. माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. रस्त्याच्या कडेला हॉटेलं आहेत आणि घाटाकडे जाणारी एस. टी. तिथे थांबते. दोन विहिरी केल्या. त्यांची खोली मोजली की नाही हेही मला नंतर आठवेना. वही बघितली तर मोजली होती.

हॉटेलात भजी पुढे घेऊन बसलो असताना एक ओळखीचे ओव्हरसीयर भेटले. बोलता बोलता म्हणाले, "सोमवारी हेदपाड्याला जायचंय. त्या झिऱ्याचं पाणी तपासायचं. गोड निघालं तर तिथं नवी पक्की विहीर बांधतील. पाटलाला निरोप दिलाय, बाया हजर ठेव म्हणून."

 निरोप गेला होता, म्हणजे मीठही पडणार होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतो आहे. मग म्हणाले, "मी काय, बाटली भरून देणारा माणूस. खारट निघाली तर खारट म्हणतील."

मुरबाडच्या तीन विहिरी बाकी होत्या. त्या सोडल्या. नोकरीत पहिल्यांदाच नेमलेल्या विहिरी सोडल्या आणि रविवारी भल्या पहाटे परत डोळखांबचा रस्ता धरला. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. तिला कारण न सांगता नुसतं 'मीठ टाकू नका' म्हणून निघून यावं, असंही मनात आलं. पण मी 'औषध टाकू नका' असंच लिहिलं होतं आणि त्याचं काय झालं ते मी पाहिलं होतं. कारण न सांगता काही सांगायचं नाही, एवढं चालता चालता ठरवलं.

पुन्हा हेदपाडा

पुढचं आधी सांगून टाकतो. परत आल्यावर मी कचेरीत चार पानं लिहून दिली. सतरा नंबर यादीतून वगळला आहे, सबब पत्रव्यवहाराचं कारण उरत नाही, असं उत्तर आलं. सोमवारची ओव्हरसीयरांची बाटली गोड निघाली. नवी विहीर मंजूर होईल असं म्हणतात. अजून झालेली नाही. पावसात ओहोळ आला आणि झिरा गाळानं भरला. भट्टीवर गेलेली सात घरं पेरणीलाही आली नाहीत.

त्या रविवारी मी पोचलो तेव्हा सोमीबाय अंगणात होती. शेजारचा म्हातारा नवश्या आणि दोन बाया बसलेल्या. मधे तोंडाला फडकं बांधलेलं मडकं. त्यात मीठ.

"सायेब, परत आलास?" ती म्हणाली. "उद्या दुसरा सायेब यायचाय. औंदा मीठ लई हाय. पाच घरांनी समदं दिलं."

मी खाली बसलो आणि सांगितलं. मी किडे बघत नव्हतो, मीठच बघत होतो. पाण्यात मीठ जितकं जास्त तितकं पाणी वाईट, असं आम्ही धरतो. तुम्ही मीठ टाकलंत, मी ते मोजलं, आणि मी लिहिलं म्हणून विहीर बुजली. वाक्यं जुळवली होती तशी आली नाहीत, तुटक आली.

 मग नवश्या हळूच म्हणाला, "तूच टाकायचीस गो सोमे. तुज्याच हातानं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला नुसतं आठवलं होतं. सोमीबायनं आपल्या हातांकडे पाहिलं आणि ते पदराखाली घेतले.

"मंग तवा का नाय सांगलंस?" तिनं मला विचारलं.

"मला ठाऊक नव्हतं."

"तू तर तपासायचास ना रे?"

 "माझी चूक झाली सोमीबाय," एवढंच म्हणालो. रडू आलं. चारचौघांत रडायची मला सवय नाही, पण आलं.

त्या दोन बाया उठून गेल्या. नवश्या काठी टेकत गेला. उद्या मीठ टाकायचं नाही हे सगळ्यांना कळलं होतं. सोमीबायनं मडकं उचलून घरात नेलं. मला वाटलं आता ती बाहेर येणार नाही, म्हणून उठलो.

"बस," आतून म्हणाली. "उन्हाचा आलास."

तिनं जर्मनच्या पोचे पडलेल्या वाडग्यात नाचणीची पेज आणली, त्या झिऱ्याच्या पाण्यात शिजवलेली. मग पुन्हा आत जाऊन मडक्यावरचं फडकं सोडलं, चिमूटभर मीठ आणून पेजेत घातलं आणि बोटानं ढवळलं. मी प्यायला लागलो. ती समोर बसून राहिली.

"मीठ बेस हाय ना?" तिनं विचारलं.

तिच्याकडे बघता आलं नाही. "आहे," मी म्हणालो.